पॅरिसहून व्हिएन्ना, फक्त दोन तास

२०२३ साली आमची नात अनिका अमेरिकेत, फ्रिस्कोच्या हायस्कुलातून पास झाली आणि तिच्या सन्मानार्थ घराने पॅरिसचा दौरा मंजूर केला. माझी थोरली बहीण गिरिजाअक्का तेव्हा व्हिएन्नाला मुलाकडे राहत होती. आमची भेट होऊन बरीच वर्षं झाली होती.

मला अक्षरं पन्नाशीनंतर आली, म्हणून वाचलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास. फोनवर वाचलं : पॅरिस ते व्हिएन्ना हजारेक किलोमीटर, विमानाने दोन तास. हे मी घरभर वाचून दाखवलं, जणू विमान मीच चालवणार होतो. मग अक्काला कळवलं.

"दोनच तास? मग कुळथाचं पिठलं टाकते," ती म्हणाली. "पीठ तुझ्यासाठीच राखलंय. निघताना फोन कर, गार खायचं नाही."

पॅरिसला पोचल्यावर विषय जेवणाच्या टेबलावर विचारार्थ घेण्यात आला.

"बाबा, दोन तास म्हणजे दोन तास नसतात," माझा मुलगा सिद्धेश म्हणाला. "एअरपोर्ट, सिक्युरिटी, तिकडे उतरून टॅक्सी. पूर्ण दिवस जातो. आणि म्युझियमची तिकिटं कॅन्सल होत नाहीत."

हाच सिद्धेश हापूसची पेटी आणायला चार तास ड्राइव्ह करतो आणि आल्यावर म्हणतो, जवळच होतं.

सून हिमानीने माणुसकीचा मुद्दा मांडला. "एका दिवसासाठी जाऊन अक्कांनाच दगदग. नेक्स्ट टाइम निवांत जाऊ ना."

"आजोबा, जस्ट गो!" अनिका म्हणाली. ती सज्ञान झाली होती, पण समितीवर नव्हती.

ठराव संमत झाला. खोटं कशाला सांगू, हात माझाही वर होता. इतकं जवळ, मग घाई कसली? लांब असती तर गेलोच असतो.

दुसऱ्या दिवशी आयफेल मनोऱ्यावरून तिला फोन लावला.

"अक्का, इथून तू दोन तासांवर!"

"मग कुणाची वाट बघतोयस, दिगू?"

"लिफ्टची."

ती खळखळून हसली. मीही हसलो. मागून सिद्धेशने फोटो काढला. त्यात मी फार आनंदी दिसतो.

फ्रिस्कोला परतल्यावर महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणून होणाऱ्या जेवणात, मी युरोपचा जाणकार ठरलो. "काका, पॅरिसहून व्हिएन्ना किती हो?" कुणी विचारलं, की मी चमचा खाली ठेवायचो. "छे, दोन तास. कधीही जावं."

अक्काचे अंत्यविधी आम्ही घरच्या मोठ्या टीव्हीवर पाहिले. चित्र स्वच्छ होतं. "तिथे असतो तरी इतकं जवळून दिसलं नसतं," हिमानी म्हणाली.

तुमचंही कुणीतरी दोन तासांवर असेलच. अंतर नीट पाठ करून ठेवा. पुढे लोकांना सांगायला उपयोगी पडतं.

माझी थोरली बहीण गिरिजा १६ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हिएन्नाला वारली.