अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि दोन नंबरची खोली

नियोजनात मला कोणी हरवू शकेल, असं मला कधी वाटलं नाही. मे महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळपर्यंत तर मुळीच नाही!

आधी आमच्या बाळाची ओळख करून देतो. बाळ रबराचं आहे. त्याच्या पाठीला बूच आहे. त्यातून पोटात कोमट पाणी भरलं, की वजन आणि ऊब अगदी खऱ्या तान्ह्या बाळासारखी. त्याच्या पायातला पट्टा मात्र खरा आहे. माझी पत्नी दिपमाला हिने तो तयार केला आहे. बाळाचं अंग गार पडू लागलं की पट्टा 'टीं टीं' वाजतो. ऊब मिळाली की गप्प बसतो. आमची मुलगी अपुऱ्या दिवसांची, ऐन डिसेंबरात जन्मली. बोदवडहून तिला जळगावला आणताना 'किती शांत झोपलीय!' म्हणून सगळी गाडी तिचं कौतुक करत होती. ती झोपलेली नव्हती, गार पडत चालली होती. दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या हाताला ते वेळेवर कळलं, म्हणून आज ती आमच्याशी भांडते. असा हात प्रत्येक बाळाच्या वाट्याला यावा, एवढीच त्या पट्ट्यामागची कल्पना.

केंद्र सरकार आमच्यासारख्या छोट्या वैद्यकीय उद्योगांना संशोधनासाठी अनुदान देतं. पण अनुदान हे नव्या जावयासारखं असतं. येणार येणार म्हणून घर वर्षभर झाडत बसावं लागतं! पहिल्या हप्त्यात पट्टा तयार झाला. दुसऱ्या हप्त्यात तो तालुक्यांच्या रुग्णालयांत, खऱ्या बाळांच्या पायात जायचा होता. तो हप्ता नाही मिळाला, तर पट्टा आमच्या कपाटातच म्हातारा होणार होता. आणि हप्त्याच्या वाटेवर उभे होते तज्ज्ञ परीक्षक डॉ. सबनीस, पुण्याचे निवृत्त बालरोगतज्ज्ञ.

ते पट्ट्याची चाचणी पाहायला यायचे होते, नेमकं त्याच मंगळवारी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि दिपमालाला धुळ्याला, देवपूरला माहेरी जावं लागलं.

"मी तारीख बदलून घेऊ का?" तिने विचारलं.

"अगं, बाळ टेबलावर ठेवायचं, गार होऊ द्यायचं, पट्टा वाजला की नमस्कार करायचा! यात चुकण्यासारखं आहे काय?"

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली आणि बसस्टँडवर गेली.

डॉ. सबनीस आमच्या वर्कशॉपमध्ये आले आणि त्यांच्यापाठोपाठ वीज गेली. एसी, पंखा, सगळं बंद. मी बाळात कोमट पाणी भरलं, पट्टा बांधला, बाळ उघडं करून टेबलावर ठेवलं आणि आम्ही पट्ट्यावरच्या तापमानाच्या आकड्याकडे डोळे लावून बसलो. आकडा हलला. वर गेला! पुन्हा हलला. आणखी वर!

"योगेंद्र," डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "मला बाळ गार पडताना पाहायचंय. याला तर ताप चढतोय."

खोलीच बाळापेक्षा गरम होती. जळगावच्या मे महिन्यात उघडी ठेवलेली वस्तू गार होईल, हे गृहीत धरणारा मी नियोजनाचा माणूस!

"थोडं थांबू या सर."

"थांबलो तर बाळ उकडून निघेल. आणि संध्याकाळी माझी गाडी आहे. पट्टा वाजलेला पाहिल्याशिवाय मी सही कशी करू?"

कोपऱ्यातल्या माठातलं गारेगार पाणी आम्ही दोघे तांब्याने प्यायलो. डॉक्टर म्हणाले, "वा! फ्रिजने झक मारावी!" दुसरा तांब्या पिताना मला एकदम सुचलं. रुपचंदभाऊ!

रुपचंदभाऊ केळीचे व्यापारी. शहराबाहेर त्यांच्या केळी पिकवायच्या बंद, गारठा राखणाऱ्या खोल्या आहेत. मी फोन लावला. पलीकडे ट्रक भरत होता, त्यामुळे दोघेही ओरडून बोलत होतो.

"भाऊ, अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी थोडा वेळ थंड खोली मिळेल का?"

"मिळेल ना सर! दोन नंबरची खाली शे. घेऊन या!"

माणूस अडचणीत असला, की रुपचंदभाऊ प्रश्न विचारत नाहीत. हा त्यांचा मोठेपणा. त्या दिवशी त्यांनी एखादा विचारला असता, तर फार बरं झालं असतं! कारण फोन ठेवून ते मुकादमाला एवढंच म्हणाले होते, "दोन नंबर झाडून घे. सरांचं अपुऱ्या दिवसांचं बाळ येऊ राहिलंय." आणि ते स्वतः बँकेत निघून गेले.

बाळाला ऊन लागू नये म्हणून मी ते दुपट्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि आम्ही रिक्षाने तिथे पोचलो. हौदाशी बायका केळीच्या फण्या धूत होत्या. त्यांचे हात थांबले. ट्रकवाला मोईज टायरवरून उठून उभा राहिला. मी सगळ्यांकडे पाहून हसलो. दार उघडलं, आत गेलो, दार लावून घेतलं.

"आहाहा!" डॉक्टर म्हणाले. "जळगावात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं."

मी बाळाचं दुपटं सोडलं आणि त्याला एका रिकाम्या क्रेटवर उताणं ठेवलं. आकडा उतरू लागला. आम्ही दोघे हातातल्या घड्याळांकडे पाहत, बाळावर वाकून उभे राहिलो. दाराला एक छोटी काच आहे, आणि तिला बाहेरून डोळे चिकटलेले आहेत, हे आमच्या गावीही नव्हतं.

पट्टा वाजला. टीं टीं टीं! मी आनंदाने टाळी वाजवली आणि त्याच क्षणी दार धाडकन उघडलं.

"रडी राहिनं ते लेकरू, आन् हाऊ टाळ्या वाजाडी राहिना!"

तानुबाई! फण्या धुणाऱ्या बायकांतल्या सर्वांत वडील. मला कोपराने बाजूला सारून त्यांनी बाळ उचललं, थेट पदराखाली छातीशी घेतलं आणि वरून पदर घट्ट आवळला.

"अय माय वं! आंग गार पडनं! येले केळीसारखं पिकाडी राहिनात का रे?"

"अक्का, ऐका तरी..."

"काय ऐकू? दवाखानामा बी काचनी पेटी ऱ्हास, पन ती गरम ऱ्हास!" मग डॉक्टरांच्या पांढऱ्या केसांकडे हात करून, "आन् तू धल्ला मानूस! तुले बी समजत नही?"

डॉक्टरांनी आयुष्यभर हजारो बाळं तपासली होती. पण तेही दोन पावलं मागे सरकले. दारात मोईज मोबाईल धरून उभा. "सर, पोलिसांना बोलवू, का बाळाच्या आईला?"

"आईला नको!" मी ओरडलो. माझी बाजू त्या क्षणी फारच कमकुवत दिसली असावी.

एवढ्यात पदराआडची टीं टीं थांबली.

"निजनं," तानुबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी मायेने बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. हात थांबला. पुन्हा फिरला.

"येन्हा पाठले बूच शे!"

बाळ पदराबाहेर आलं. रबराचं, टकलं, डोळे रंगवलेले. मोईजने मोबाईल खाली केला.

"बाहुली?" तानुबाई मटकन क्रेटवर बसल्या. "मना जीव गळामा उना, आन् तुम्ही येवढा मोठा मानसं बाहुली खेळी राहिनात?"

मी मनापासून त्यांची माफी मागितली आणि पट्टा कशासाठी आहे ते सांगितलं. बोदवडची गाडीही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग सवयीने बाळाचं नाक पुसलं.

डॉक्टर आता हसत होते. "योगेंद्र, पट्टा वाजला, माणूस धावलं, बाळाला ऊब मिळाली, पट्टा थांबला. इतकी संपूर्ण चाचणी मी पुण्यातसुद्धा पाहिली नाही!"

"पाहिलंत सर? पट्टा वाजला म्हणूनच बाई आल्या!"

"मी काचमाईन देखं तवयच निंघेल व्हतू," तानुबाई म्हणाल्या. म्हणजे पट्टा वाजायच्या आधीच!

डॉक्टरांनी क्रेटवर कागद ठेवून लिहायला घेतलं. दुसऱ्या हप्त्याची शिफारस! मी आनंदाने दिपमालाला फोन लावला, सर्वांना ऐकू जाईल असा, आणि अथपासून इतिपर्यंत सारी हकिकत सांगितली.

"अहो," ती म्हणाली, "वर्कशॉपमध्ये माठ नव्हता का?"

"होता की! दोन-दोन तांबे पाणी प्यायलो!"

"मग तेच पाणी बाळात का नाही ओतलंत?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेनाचं टोपण शोधायला सुरुवात केली. ते पेनालाच होतं. तानुबाई बुचाकडे पाहून पदरात तोंड लपवून हसत होत्या.

त्या भेटीचा अहवाल पुढे मंजूर झाला. फार तपशीलवार अहवाल आहे. खोलीचं तापमान, पट्ट्याचा आवाज, तानुबाईंचं नाव, सगळं त्यात आहे. माठाचा उल्लेख तेवढा, जागेअभावी, राहून गेला आहे.