चॅटबॉटचं बारसं

चॅटबॉट बनवणं म्हणजे पोहे करण्याइतकं सोपं, असं मी जुन्नरच्या अख्ख्या बाजारपेठेत सांगत फिरलो. आमचं खता-औषधांचं दुकान. शेतकऱ्यानं मोबाइलवर प्रश्न विचारायचा, चॅटबॉटनं उत्तर द्यायचं, एवढीच कल्पना. बनवायला एक दुपार लागली. नाव ठेवायला आठवडा!

ज्या कंपनीच्या वेबसाइटवर तो बनवला, आधी तिचंच नाव त्याला जोडलं. कंपनी म्हणाली, आमचं नाव वापरायचं नाही. 'पीक डॉक्टर' ठेवलं, तर म्हणे हा डॉक्टर नाही. 'शासकीय शेती सल्ला' म्हटल्यावर थेट नकारच आला. मग मीही हट्टाला पेटलो आणि वडिलांचं नाव टाकलं, 'सुवालालशेठ'. विचारणा आली, ही खरी व्यक्ती आहे का, तिची परवानगी आहे का? आहे, म्हणून ठोकून दिलं. दुकानाच्या पाटीवर वर्षानुवर्षं तेच नाव आहे, आता आणखी कसली परवानगी?

नाव पास झालं. दोन-तीन दिवसांत बोरी बुद्रुकचे चांगदेवभाऊ दुकानात हजर. हातात टोमॅटोची पानं, एक पिवळं, एक करपलेलं. ते सरळ पप्पांसमोर उभे राहिले.

"शेठ, तुमी सांगितलेलं औषध मारलं. एक सरी पार जळाली."

"मी? कधी सांगितलं?"

"काल. मोबाइलवर."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी युरियाच्या गोण्यांमागे काहीतरी शोधू लागलो.

"मग एकाच सरीवर कसा थांबलास?" पप्पांनी त्यांना विचारलं.

"शंका आली. तुमी पान हातात घेतल्याबिगर औषध सांगत न्हाई. आन् मोबाइलवर मला 'प्रिय शेतकरी मित्र' म्हनले. येरवी चांगद्या म्हनता."

पप्पांनी पिवळं पान उलटंपालटं केलं. "पाणी जास्त झालंय, चांगद्या. औषध नको. थोडे दिवस पाणी तोड." गिऱ्हाईक काहीही न घेता गेलं. पप्पांच्या दुकानात हे नेहमीचंच.

आता माझ्यावर तोफ डागणार, असं वाटलं. पण पप्पा शांतपणे म्हणाले, "लोक माझ्या नावावर फवारतात, पारस. चुकलं तर माझ्याकडे येतात. ते यंत्र कुणाला तोंड दाखवणार?"

मला मनापासून लाज वाटली. "काढतो नाव. पण मग दुसरं काय ठेवू?"

"तुझंच ठेव की. परवानगी मागत फिरायला नको."

"माझं? छे, छे," मी म्हणालो. "मग ते आधी नीट तपासून बघावं लागेल!"