वीस टक्क्यांचा मेंदू

दाखले देण्याच्या त्या कार्यालयात सोमवारी एक परिपत्रक आलं. सर्वांनी ते वाचल्याची सही केली आणि न वाचताच पुढच्या टेबलावर सरकवलं. विजेची बचत व्हावी म्हणून यापुढे कार्यालयातील प्रत्येक संगणक सुरू होतानाच त्याच्या क्षमतेच्या वीस टक्क्यांवर बांधला जाईल, असं त्यात म्हटलं होतं. "यामुळे कामकाजावर कोणताही परिणाम होणार नाही," हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत होतं. म्हणजे परिणाम होणार, हे वरूनच ठरलं होतं.

मंगळवारी सकाळी दहाला चिंगीच्या आईनं संगणकाचं बटण दाबलं. बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली तेव्हापासून ऑफिसात तिचं स्वतःचं नाव मागे पडलं होतं, हजेरीपुस्तकापुरतं उरलं होतं. पडद्यावर एक गोल फिरू लागला. तो फिरायचा थांबला तेव्हा दहा चाळीस झाले होते. मग कामाला सुरुवात. जी नोंद चार मिनिटांत व्हायची तिला आता दहा लागू लागली. अक्षर दाबावं, पदर सावरावा, पाण्याचा घोट घ्यावा, तेव्हा कुठे ते पडद्यावर उमटायचं. आणि रोजच्या चाळीस नोंदी झाल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही, हा नियम मात्र शंभर टक्के चालू होता.

पाळणाघर सहाला बंद होई. ती धापा टाकत पोहोचली तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पाळणाघरवाल्या मावशी चपला घालून, हातात कुलूप आणि कडेवर चिंगी घेऊन दारातच उभ्या होत्या.

"हा पहिला उशीर," मावशी म्हणाल्या. "तिसऱ्याला जागा गेली. राग मानू नका हं, पण अकरा जणी नाव लावून बसल्यात."

"मावशी, अहो संगणक हळू चालतोय."

"मग त्याला घेऊन या. त्याला मी सांभाळते."

बुधवारी दुसरा उशीर झाला. मावशींनी फक्त दोन बोटं दाखवली. त्या रात्री चिंगीच्या आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पाळणाघर सुटलं तर नोकरी सुटणार, हा हिशोब तिला कुशीवर वळता वळता तोंडपाठ झाला.

गुरुवारी तिनं ऑफिसच्या संगणकवाल्याला गाठलं. तो टेबलाखाली डोकं घालून वायरींशी भांडत होता.

"हे बघा ताई," तो तिथूनच म्हणाला, "यंत्र सुरू होतं तेव्हा पहिल्यांदा एक फाइल वाचतं. आपला मेंदू किती पळवायचा, हे त्या फाइलीत लिहिलेलं. तुमच्या फाइलीत वीस लिहिलंय."

"मग शंभर लिहा ना!"

"लिहितो. पण गरज सिद्ध करावी लागेल. मर्यादा लागल्यापासून यंत्राची किती क्षमता वापरली गेली, त्याचा अहवाल जोडा."

अहवाल काढायला अर्धा तास गेला. चिंगीच्या आईच्या यंत्रानं एकदाही वीस टक्क्यांपेक्षा जास्त क्षमता वापरली नव्हती. मोठ्या साहेबांनी अहवालावर शेरा मारला: "वापर वीस टक्क्यांच्या मर्यादेत आहे. अधिक क्षमतेची गरज दिसून येत नाही."

"साहेब, वीसवर बांधलंय म्हणून वीसच वापरलं जातंय," ती म्हणाली.

"म्हणजे पुरतंय," साहेब समाधानानं म्हणाले. "उलट एक दिवस एकोणीसच दिसतंय. तो एक टक्का परत करायचा विचार आहे का तुमचा?"

शेजारच्या टेबलावरच्या काकांनी पेपराच्या आडून तिला डोळ्यानंच 'बस खाली' असं सुचवलं. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. वीस टक्क्यांचा त्यांना काडीचाही त्रास नव्हता, कारण ते स्वतः गेली कित्येक वर्षं पंधरावर चालत होते.

शेवटी संगणकवाल्यालाच दया आली. "फाइलीला हात लावत नाही," तो हळूच म्हणाला, "पण चालू यंत्राचा वेग हातानं वाढवून देतो. फक्त ते बंद करायचं नाही. बंद करून परत चालू केलंत की ते पुन्हा फाइल वाचणार आणि पुन्हा वीसवर बसणार."

त्या दिवसापासून चिंगीच्या आईनं यंत्र बंद करणं सोडून दिलं. ते दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही पूर्ण वेगानं घरघरत राहिलं. ती साडेपाचच्या ठोक्याला उठू लागली. मावशी तिला पाहून हसू लागल्या, चिंगीचं वजनही पाव किलोनं वाढलं. पुढच्या महिन्याच्या शेवटी वीजबचतीचा तक्ता लागला आणि त्यात तिचा पहिला नंबर आला. विजेची नोंद यंत्र सुरू होताना घेतली जाई आणि तिचं यंत्र महिन्यात एकदाही सुरू झालं नव्हतं. वापर शून्य. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी पेपर खाली ठेवून वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टाळ्यांचा आवाज अजून तिच्या कानात होता, म्हणून ती जरा हसतच आत गेली.

"तुम्ही महिनाभर कामावर आलेल्याच नाही आहात," साहेब म्हणाले.

"काय?"

"हजेरी आता पुस्तकावर नाही, यंत्र सुरू करण्याच्या वेळेवरून लागते. तुमचं एकदाही सुरू झालेलं नाही."

"साहेब, मी रोज तुम्हाला नमस्कार करते."

"मी पण रोज करतो. पण नमस्कार पुराव्यात धरत नाहीत."

"आणि मी केलेल्या नोंदी? आठशेच्या वर आहेत!"

"तोच तर गंभीर मुद्दा आहे." साहेबांनी चष्मा काढला. "गैरहजर व्यक्तीनं आठशे नोंदी केल्या. चौकशी लावली तर कुठवर जाईल, सांगता येत नाही. मी लावत नाही. तुम्ही आत्ता जा, यंत्र बंद करा, चालू करा आणि हजर व्हा."

ती हजर झाली. हजर व्हायला चाळीस मिनिटं लागली. अडीचच्या सुमारास तिच्या अठरा नोंदी झाल्या होत्या, बावीस बाकी होत्या आणि तिला भिंतीवरच्या घड्याळात मावशींची बोटं दिसू लागली होती. ती पुन्हा केबिनमध्ये गेली. डोळ्यांत पाणी आणायचं नाही असं ठरवून गेली होती, पण ते आलं.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी खणातून अर्जाचा एक छापील नमुना काढला. "विशेष परवानगी आहे. पण ऑफिसची एकूण क्षमता ठरलेली आहे, ती वाढत नाही. तुम्हाला जेवढी जास्त हवी तेवढी दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रातून काढावी लागेल. त्याचा क्रमांक इथे लिहा. माझं सोडून."

नमुना घेऊन ती जागेवर आली. काका सावध झाले.

"अगं बाई, माझ्या यंत्राला हात लावू नकोस. दोन वर्षं सुखानं काढू दे."

"काका, तुम्ही त्यावर पत्ते खेळता."

"म्हणून तर म्हणतो. आधीच एक पान टाकायला पाच मिनिटं लागतात."

तिनं सभोवार पाहिलं. उरलं होतं ते लोकांना दाखले देण्याच्या खिडकीवरचं यंत्र. तिथे दर आठवड्याला बसणारा माणूस बदलायचा, त्यामुळे त्याची बाजू घेऊन भांडणारं कुणी नव्हतं. तिनं खिडकीच्या यंत्राचा क्रमांक लिहिला, खाली सही केली. संगणकवाल्यानं त्याच्या विसातले अठरा काढून तिच्या फाइलीत घातले आणि दोन्ही यंत्रं बंद करून परत चालू केली. ती अडतीसवर गेली आणि खिडकी दोनवर आली. पाच पंचवीसला तिची चाळिसावी नोंद पूर्ण झाली.

पर्स खांद्याला लावून ती बाहेर पडली तेव्हा खिडकीपुढची रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. आतून आवाज येत होता, "सिस्टीम स्लो आहे, उद्या या." रांगेतली एक बाई सारखी मनगटावरचं घड्याळ पाहत होती. पाहायची, मान उंचावून पुढे बघायची, पुन्हा पाहायची. ते पाहणं चिंगीच्या आईनं लगेच ओळखलं. तिला क्षणभर वाटलं, थांबावं, विचारावं, तुमचं पाळणाघर किती वाजता बंद होतं? पण मग तिला स्वतःलाच उशीर झाला असता. ती भराभर जिना उतरली.

त्या रांगेत तुम्हीही होतात. हात चोळत घरी गेलात, ऑफिसांच्या नावानं बोटं मोडलीत, जेवताना सगळ्यांना ती हकीकत सांगितलीत. तुमचं अगदी बरोबर आहे. फक्त एक सांगा, तो नमुना तुमच्याही टेबलावर आला होता ना? तुम्ही कुणाचा क्रमांक लिहिलात?