बेंचवरचा मोबाईल

आमच्या शाळेतले गायकर गुरुजी मोबाईलवर डाफरतात. "सरळ बस! कुठे लक्ष आहे?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं.

बारवी धरणाच्या बाजूच्या या शाळेत मी खिचडी शिजवते. माझी स्वतःची शाळा चौथीत सुटली. शिकवण्यातलं मला कळत नाही, माणसं कळतात.

शाळेला मोठा टीव्ही मिळालेला. आधीचे गुरुजी तो गोधडीत गुंडाळून ठेवायचे. दसऱ्याला बाहेर काढायचा, हार घालायचा, परत गोधडीत. गायकर आले नि गोधडी ओढून म्हणाले, "यंत्र आणि पोर, बसवून ठेवलं की गंजतं." हे त्यांचं पालुपद. टीव्हीवर त्यांनी ज्वालामुखी दाखवला. आता माझी खिचडी उतू गेली की पोरं ओरडतात, "ज्वालामुखी!" शेगडी मला पुसावी लागते.

दिवाळीनंतर वर्गातल्या सुनंदाचे आईबाप वीटभट्टीवर कामाला गेले, तिलाही नेलं. अशी पोरं परततात तेव्हा अभ्यासात मागे पडलेली असतात, मग शाळेचं नावच काढत नाहीत. गुरुजींनी भट्टीवर जाऊन बापाचं डोकं खाल्लं. तेव्हापासून सुनंदा बापाच्या मोबाईलवरून वर्गात असते. तिच्या जागी गुरुजी आपला मोबाईल तांब्याला टेकवून ठेवतात.

"गुरुजी, सुनंदा माझ्या वहीत बघते!" शेजारची पिंकी बोंबलते.

"मग तूही तिच्या वहीत बघ."

मी टोमणा मारला, "मोबाईललाही खिचडी वाढू का?"

"डब्यात द्या, मावशी. घरी जाताना तिला पोचवतो."

परवा फोन लागेना. गुरुजी भट्टीवर गेले, तर ती माणसं दुसऱ्या भट्टीवर गेलेली. कुठल्या, कोणाला माहीत नाही. काल टीव्ही लागला नाही. गुरुजी जेवलेही नाहीत.

आज सकाळी मी वर्गाच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. मोबाईल वाजला. विटांच्या धुळीनं माखलेलं तोंड दिसलं.

"हजर, गुरुजी. चार्जर तुटलेला."

"उशीर झाला! तेराचा पाढा म्हण," गुरुजी खेकसले आणि पाठ फिरवून फळा पुसायला लागले.

फळा कोरा होता.

"काय पुसताय, गुरुजी?" मी विचारलं.

"तुम्ही आधी खिचडी बघा, मावशी. करपतेय."

तांदूळ अजून माझ्या मांडीवरच्या सुपात होते.