साळोबाचा खालचा सूर

एका जंगलात अजून पक्का रस्ता आला नव्हता, पण ऑर्केस्ट्रा आला होता. त्या ऑर्केस्ट्रात एक साळिंदर गिटार वाजवत असे. हसू नका, मुलांनो. तुमच्या ओळखीत याहून विचित्र जागी बसलेली मंडळी आहेत.

साळिंदराचं नाव साळोबा. अर्धं आयुष्य त्याने गिटारवर काढलं होतं. तारा छेडायला इतर लोक पिक नावाची चकती विकत घेतात. साळोबा शेपटीजवळचा एक काटा उपटायचा आणि सुरू करायचा. मधल्या तुकड्यात त्याची बोटं अशी धावत की हरणं चरायचं विसरत. ‘वन्स मोअर’ झाला की तो मान किंचित झुकवायचा. किंचितच. जास्त झुकवली तर लोक आपल्याला नम्र समजतील, अशी त्याला भीती वाटे.

एके दिवशी वनराज सिंहाचा मेहुणा शहरातून परत आला. हा मेहुणा बिबट्या होता. सिंहाचा मेहुणा बिबट्या कसा, असं विचारू नका. राजाच्या नात्यागोत्यांविषयी विचारणारे त्या जंगलात फार दिवस दिसत नसत.

मेहुण्याचं नाव रॉकीराजे. तो शहरातल्या प्राणिसंग्रहालयात होता. घरचे सांगत, “शिकायला होता.” येताना त्याने काळा चष्मा आणि लाल गिटार आणली. गिटार वाजवताना तो डोळे मिटून घेई. त्यामुळे ऐकणाऱ्यांचे चेहरे त्याला कधी दिसले नव्हते.

वनराजांनी साळोबाला गुहेत बोलावून घेतलं.

“साळोबा, यापुढे गिटार रॉकीराजे वाजवतील.”

साळोबाचे काटे उभे राहिले. त्याने ते कसेबसे खाली बसवले.

“आणि मी, महाराज?”

“तुम्ही बेस वाजवा.”

“आपल्या आशीर्वादाने मी आजवर बेसच वाजवत आलोय, महाराज.”

“ते बेस नव्हे हो! बेस. बेस गिटार. अस्वल वाजवायचं ना, ते चार तारांचं धूड.”

“मग अस्वल?”

“मधाच्या धंद्यात गेलं म्हणतात. बरेच दिवस झाले असावेत. आम्हाला परवा कळलं.”

वनराजांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“असं बघा. आमच्यावर सासुरवाडीचा दबाव आहे. राज्याभिषेकाच्या वाढदिवसाला कार्यक्रम आहे. त्या दिवशी रॉकीराजे सगळ्यांसमोर पडले, तर राणीसरकारही काही बोलू शकणार नाहीत. गिटार परत तुमची. पण तोवर तुम्ही ऑर्केस्ट्रात टिकायला हवं. बेस नीट आली नाही, तर तुम्ही बाहेर.”

म्हणजे साळोबाला दोन कामं होती. आपण बेस शिकायची आणि बिबट्या पडायची वाट बघायची. दुसरं काम त्याला सोपं वाटलं. पहिलं त्याहून सोपं वाटलं.

घरी बायकोने, शेवंताने, ते धूड उलटंपालटं करून पाहिलं.

“चारच तारा? उरलेल्या दोन कुठं विकल्या?”

“अगं, बेसला चारच असतात.”

“मग काम लवकर आटपत असेल.”

“ज्याला सहा येतात त्याला चार येतातच,” साळोबा म्हणाला. “सहातून दोन वजा केल्या, की झाली बेस.”

मुलांनो, गणित बरोबर असलं की माणूस फार धीट होतो. साळिंदरही होतं.

साळोबाने घुबडाचे व्हिडिओ लावले. घुबड फांदीवर बसून ‘सात रात्रींत बेस’ शिकवत असे. ते स्वतः कुठल्याच ऑर्केस्ट्रात वाजवत नसे, म्हणून त्याच्याकडे शिकवायला भरपूर वेळ होता. सातातल्या तीन रात्री ते आपली शिकवणी पुढच्या झाडापर्यंत पोहोचवायची विनंती करत असे. उरलेल्या चारांत जे शिकवलं, ते साळोबाला आधीच येत होतं. तो खूश झाला.

पहिल्या तालमीला तो काटा घेऊन गेला आणि गिटारवर वाजवायचा तेच सगळं बेसवर वाजवू लागला. ताना, हरकती, गिरक्या. जिथं जागा दिसली तिथं सूर ठेवला. पहिल्याच गाण्यात काटा मोडला. त्याने दुसरा उपटला.

ड्रमवर रानडुक्कर होतं, धोंडूअण्णा. त्याने वाजवणं थांबवलं.

“साळोबा, लग्नाच्या पंगतीत बसलायस का?”

“का हो?”

“पानात बोटभर जागा ठेवत नाहीस. मी कुठं वाढू?”

साळोबाला राग आला. “अण्णा, गिटारवर माझ्या या जागेला टाळ्या पडायच्या.”

“पडायच्या ना. त्या वेळी खाली अस्वल होतं. तू नाचायचास, ते अंगण धरून ठेवायचं. आता अंगण तू आहेस, बाबा. अंगणानेच नाच सुरू केला तर लोकांनी उभं कुठं राहायचं?”

“मग मी करू काय?”

“माझा उजवा पाय बघ.”

साळोबाने वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने धोंडूअण्णाचा पाय कधी पाहिला नव्हता. ड्रमवाला मागे बसतो, आणि मागे बघायची गिटारवाल्याला सवय नसते. तो पाय मोठ्या ढोलाच्या पेडलवर पडत होता. धप्. मग बराच वेळ काही नाही. मग धप्, धप्.

“जिथं हा पडेल तिथं तुझा सूर पडला पाहिजे. आधी नाही, नंतर नाही.”

“आणि मधे?”

“मधे गप्प.”

“नुसतं गप्प?”

“नुसतं नाही. तालात गप्प.”

इथून साळोबाचं खरं शिक्षण सुरू झालं. घुबडाच्या सात रात्रींत ते नव्हतं.

काटा त्याने बाजूला ठेवला. बोटांनी वाजवायचं ठरलं. बेसच्या तारा वडाच्या पारंब्यांसारख्या जाड. बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. शेवंता त्यांवर हळद लावत असे आणि त्याबरोबर टोमणेही.

“दिवसभरात किती सूर वाजवले?”

“थोडेच.”

“थोड्याला एवढी हळद लागते?”

गिटारवाला सुरांची मोळी बांधतो. बेसवाल्याने त्या मोळीतली एकच काठी उचलायची, बहुतेकदा सगळ्यात खालची. साळोबाला ते कंजूषपणाचं वाटे. मग हळूहळू कळलं की सूर सुरू कुठं करायचा हे त्याला येत होतं, पण थांबवायचा कुठं हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. गिटारचा सूर आपोआप विरतो. बेसचा सूर सोडला तर पाहुण्यासारखा बसून राहतो. त्याला योग्य वेळी उठवावं लागतं.

एका तालमीत आणखी एक गोष्ट झाली. गाणारा मोर एकच सूर लांबवत उभा होता. त्याला पुढचे शब्द आठवत नव्हते. साळोबाने सहज खालचा सूर बदलला. मोराचा तोच सूर एकदम रडवेला झाला. त्याने आणखी एकदा बदलला. तोच सूर हसरा झाला. मोराने काहीच केलं नव्हतं.

साळोबा थक्क झाला. “अण्णा, वरच्या सुराचा अर्थ खालचा सूर ठरवतो!”

“आमच्या घरचंच झालं की,” धोंडूअण्णा म्हणाला. “बोलतो मी, अर्थ ही ठरवते.”

त्या दिवसापासून साळोबाला बेस आवडू लागली. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. गिटार परत मिळवायची होती ना. हळूहळू तो इतका चांगला वाजवू लागला, की तालमीला तो हजर आहे हे कुणाच्या लक्षात येईना.

रॉकीराजे तालमीला येत नसत. तालमीने उत्स्फूर्तता मरते, असं त्यांचं मत होतं.

राज्याभिषेकाच्या वाढदिवसाला सगळं जंगल जमलं. पुढे वनराज आणि राणीसरकार. मागे हत्ती, कारण त्यांच्या मागे बसून कुणाला काही दिसत नाही. रंगमंचावर जाण्याआधी धोंडूअण्णाने साळोबाला बाजूला घेतलं.

“आज तो पडणार. तू मधे येऊ नकोस. ठरलेला सूर धरून उभा राहा, बस्स. उद्या गिटार तुझ्या गळ्यात.”

“मी कशाला मधे येऊ? मला काय वेड लागलंय?”

पहिली गाणी मोराने पिसाऱ्यावर निभावून नेली. मग रॉकीराजे एकटे पुढे आले. चष्मा लावला, त्यामागे डोळे मिटले आणि सुटले.

थोडा वेळ बरं चाललं. मग पंजा घसरला आणि भलत्याच सुरावर पडला. पुढे काय, ते आठवेना. म्हणून रॉकीराजे तोच चुकीचा सूर पुन्हा पुन्हा वाजवू लागले. दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने.

हत्तींचे कान हलायचे थांबले. राणीसरकार जमिनीकडे बघू लागल्या. वनराजांची एक भुवई वर गेली. दुसरीही जाण्याच्या बेतात होती. ती गेली असती की काम झालं असतं.

साळोबाचे सगळे काटे आनंदाने उभे राहिले. त्याला आता काहीही करायचं नव्हतं. ठरलेला सूर धरून ठेवायचा होता, बस्स. धोंडूअण्णाने मागून डोळ्यांनी खुणावलं, राहू दे.

पण मुलांनो, हाताला राजकारण कळत नाही. वर एक सूर निराधार लोंबकळत होता आणि साळोबाच्या हाताला ते सहन होईना. साळोबा मनात म्हणत होता, पडू दे, पडू दे. आणि त्याचं बोट तारेवर दोन पडदे खाली सरकलं.

क्षणात ती चूक बरोबर झाली. बरोबर कसली, सुंदर झाली. वासरू हरवलेल्या गाईच्या हंबरण्यासारखा तो सूर जंगलभर पसरला. पुढच्या रांगेतल्या हरिणींनी डोळे पुसले.

“माझा भाऊ!” राणीसरकार म्हणाल्या.

रॉकीराजेंना हुरूप आला. त्यांनी आणखी चुका केल्या. ते वर चुकत गेले आणि साळोबाचा हात खाली धावत जाऊन प्रत्येक चुकीखाली पाट मांडत गेला. शेवटी सगळं जंगल उभं राहिलं.

वनराजांनी तिथंच रॉकीराजेंना ‘गिटारसम्राट’ ही पदवी दिली आणि गिटारची जागा हयातभरासाठी दिली. मग ते साळोबाकडे वळले.

“पाहिलंत ना? याला म्हणतात प्रतिभा. शिका काहीतरी.”

“हो, महाराज.”

गिटारसम्राट घाम पुसत जवळ आले. त्यांनी साळोबाच्या पाठीवर थाप मारली आणि काटे टोचले म्हणून पंजा झटकला.

“काका, मधेच तुम्ही सूर बदललात. माझ्या लक्षात आलं. मी सांभाळून घेतलं म्हणून बरं. पुढच्या वेळी जरा ध्यान द्या.”

धोंडूअण्णाच्या तोंडात ‘गाढवा’ हा शब्द आला होता. पण त्या जंगलात तो उच्चारायला बंदी होती. तीन गाढवं मंत्रिमंडळात होती. म्हणून त्याने नुसतेच सुळे दाखवले आणि साळोबाला विचारलं, “का केलंस?”

“मी नाही केलं. हाताने केलं.”

“मग हातालाच विचार, उद्यापासून काय करायचं ते.”

साळोबा ते धूड पाठीवर घेऊन घरी आला. शेवंता दारातच उभी होती.

“मिळाली का गिटार?”

“नाही.”

“का? पडला नाही का तो?”

“पडला.”

“मग?”

साळोबाने बेस भिंतीला टेकवली.

“खाली मी होतो.”

तात्पर्य : कोणतीही विद्या मन लावून शिकावी, पण अर्ध्यावर सोडावी. जो पुरती शिकतो, त्याच्या हातून वैऱ्याचंसुद्धा वाटोळं होत नाही. ज्याची बहीण राणी आहे, त्याने मात्र काही शिकण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्यासाठी इतर लोक शिकत असतात.