बुटांसकट प्रवेश

वीज कंपनीचा वायरमन दारात उभा होता आणि डोअरकीपरकाका त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायांकडे बघत होते.

"मागच्या अंगणात खांब आहे ना, त्याच्यावरचा फ्यूजचा डबा तपासायचाय," वायरमन म्हणाला.

"तपास की. बूट काढ आणि ये."

"बूट नाही काढता येत, काका."

"का? पायाला चिकटलेत?"

काकांचं सगळं आयुष्य सिनेमा थिएटरच्या दारावर तिकिटं फाडण्यात गेलं होतं. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे तिथे त्यांच्या हातात असे. घरी मात्र हे खातं काकूंकडे होतं. काकूंचा नियम साधा होता: स्वयंपाकघराच्या फरशीवर पायताण चालणार नाही. काका तो नियम रोज मोडत आणि रोज बोलणी खात. गेल्या वर्षी काकू गेल्या, बोलणी थांबली, आणि काका नियम पाळायला लागले. इतका कडक पाळायला लागले, की काकूंनी पाहिलं असतं तर ताप आलाय का म्हणून त्यांच्या कपाळाला हात लावला असता.

आता अडचण अशी, की मागच्या अंगणात जायला स्वयंपाकघरातूनच वाट होती. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं, मागे उंच भिंत. अशी जागा हेरून कंपनीने तिथे गल्लीचा खांब रोवला होता. कंपनीत हुशार माणसं पूर्वीपासूनच आहेत.

"तुझ्या आधीचा वायरमन बूट काढायचा," काका म्हणाले. "काकू त्याला चहा द्यायची."

"तेव्हा परिपत्रक नव्हतं. आता ग्राहकाच्या आवारात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत बूट काढायचे नाहीत. कंपनीच्या गोदामात एकाच्या पायात खिळा गेला ना."

"मग खिळा काढला का?"

"खिळ्याचं माहीत नाही. परिपत्रक काढलं."

वायरमन तसा भला माणूस होता. बूट हातात घेऊन आत जातो आणि अंगणात घालतो, असं तो हळूच म्हणालासुद्धा. पण लगेच त्याला आठवलं, की दुसऱ्या विभागातला एकजण अनवाणी सापडला आणि घरी बसला. "पोरंबाळं आहेत, काका," म्हणत तो निघून गेला. कागदावर त्याने लिहिलं: ग्राहकाने प्रवेश नाकारला.

पुढच्या आठवड्यात त्याच्याबरोबर साहेब आले. साहेबांच्या हातात नोटीस होती आणि पायात चकचकीत बूट होते.

"कंपनीला पूर्वसूचना देऊन खासगी जागेत शिरायचा हक्क आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही अडवू शकत नाही."

"मी कुठे अडवतोय? दार सताड उघडं आहे. या. बूट तेवढे बाहेर ठेवा."

"हक्क आमचा आहे!"

"तुमचाच आहे. बुटांचा आहे का?"

साहेबांनी नोटीस उलटून मागची बाजू पाहिली. तिथे बुटांबद्दल काही नव्हतं. काकांनी तोडगा सुचवला, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. साहेब दचकले. बुटांचे तळवे न घसरणारे म्हणून प्रमाणित होते. त्यावर पिशवी चढवली की प्रमाणपत्र बाद, आणि माणूस घसरला तर जबाबदार साहेब. त्यांनी वरिष्ठांना विचारतो म्हणून सांगितलं. ज्याअर्थी सांगितलं, त्याअर्थी बरेच दिवस काही होणार नव्हतं.

खांबावरच्या डब्याला हे कुणी कळवलं नव्हतं. तो कुरकुरायला लागला. गल्लीतले दिवे लुकलुकू लागले आणि शेजारच्या वहिनी दोन अंगणांमधल्या भिंतीवरून डोकावल्या. वहिनी घरी आइस्क्रीम करून विकत.

"काका, तुमच्या फरशीपायी माझं आइस्क्रीम वितळतंय! लोक मला विचारतात, हे चमच्याने खायचं की ग्लासात ओतायचं!"

"मी त्यांना ये म्हणतोय गं. तेच येत नाहीत."

"बूट घालून आले तर काय फरशी झिजणार आहे?"

काकांनी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. वहिनींनाही बोलल्यावर उमगलं असावं. जरा खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "बरं, माझ्या बाजूने शिडी लावून उतरू द्या त्यांना. मी नाही अडवत."

काकांनी कंपनीला फोन केला. कंपनीने आनंदाने नकार दिला. वहिनींच्या जागेत शिरायचं तर वहिनींना वेगळी नोटीस हवी. वहिनी स्वतःच बोलावताहेत, असं सांगितल्यावर कळलं, की बोलावलं तरी नोटीस लागतेच. शिवाय भिंतीवर शिडी लावणं हे उंचीवरचं काम; ते दुसरं खातं बघतं.

"आणि खांबावर चढणं?" काकांनी विचारलं.

"ते आमचंच."

"खांब भिंतीपेक्षा ठेंगणा आहे वाटतं."

पलीकडून फोन ठेवला गेला.

शेवटी कंपनीने आपलं मोठं हत्यार काढलं. कायदा विभागाच्या मॅडम जाडजूड पुस्तक घेऊन आल्या, मागे साहेब, त्यांच्या मागे वायरमन. काका तेव्हा पुढच्या बाजूला कुंड्यांना पाणी घालत होते. पाणी कमी आणि चिखल जास्त झाला होता, कारण हेही खातं पूर्वी काकूंकडेच होतं. मंडळी फाटकातून येताना दिसताच चिखलाच्या चपलांसकट ते दारात जाऊन उभे राहिले, थिएटरच्या दारात राहत तसे, एक हात चौकटीवर टेकून.

मॅडमनी पुस्तक उघडलं. "कंपनीचा कर्मचारी वाजवी वेळी आवारात प्रवेश करू शकेल. आता, कर्मचारी म्हणजे कोण? कर्मचारी म्हणजे गणवेशासह. आणि गणवेशात बूट येतात. म्हणजे कायद्याने बुटांना प्रवेश आहे."

"असं लिहिलंय?"

"असा अर्थ निघतो."

"मॅडम, मी जन्मभर तिकिटं फाडली. आत सोडा असा अर्थ निघतो म्हणणारे रोज भेटायचे. तिकीट कुणाकडेच नसायचं."

वायरमनला हसू आलं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याने ते खोकल्यात घालवलं.

"तुम्हाला नेमकं हवंय काय?" मॅडमनी पुस्तक मिटलं. "नुकसानभरपाई? माफीपत्र?"

"काही नको. फरशी होती तशी राहू दे."

एवढ्यात मागच्या अंगणात धाड्‌ असा आवाज झाला. जळका वास आला. भिंतीपलीकडून वहिनी ओरडल्या, "काका, डबा पेटला! धूर येतोय!"

काका वळले आणि धावत सुटले. त्यांच्या पाठोपाठ वायरमन उंबऱ्यापाशी आला, आणि इतक्या दिवसांच्या शिकवणीचा परिणाम म्हणा, त्याने क्षणात बूट काढले, हातात घेतले आणि मोज्यांवर पळाला. साहेबांनीही बूट काढले. त्यांचा एक अंगठा मोज्यातून बाहेर येऊन जग बघत होता. मॅडम एका हातात सँडल आणि दुसऱ्या हातात कायदा घेऊन धावल्या. कुठलंही पुस्तक न उघडता, कुणालाही न विचारता, कंपनीने काकांच्या स्वयंपाकघरात प्रवेश केला.

अंगणात वायरमनने बूट चढवले, सगळ्यांना मागे हटवलं, गल्लीची वीज तोडली आणि वर चढून डब्यातला जळका तुकडा बदलला. एवढं काम होतं. वीज आली. वहिनींच्या घरातून फ्रीजची घरघर ऐकू आली.

वायरमनने पुन्हा बूट काढून हातात घेतले, मंडळी परत निघाली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. फरशीवर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चिखलाचे ठसे उमटले होते. ठळक, ओले, एकाच माणसाचे.

साहेबांनी आपल्या मोज्यांकडे पाहिलं. वायरमनने पाहिलं. मॅडमनी तळपाय उलटून खात्री करून घेतली. मग सगळ्यांनी काकांच्या चपलांकडे पाहिलं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

काका फरशीकडे बघत राहिले. ओट्याच्या दिशेने आवाज येईल, "आलात? आत्ताच पुसली होती!" असं त्यांना क्षणभर वाटलं. ओटा गप्प होता. त्यांनी चपला अंगणात काढल्या, आत जाऊन फडकं भिजवलं, पिळलं, आणि गुडघ्यांवर बसून पुढच्या दारापासून पुसत मागे मागे सरकू लागले. काकू अशाच पुसत. पुसत पुसत ते मागच्या दारातून बाहेर अंगणात आले, तेव्हा सगळी फरशी ओली चकचकीत झाली होती आणि सगळी कंपनी अंगणात होती.

साहेबांनी आत पाऊल टाकायला पाय उचलला.

"थांबा," काका म्हणाले. "ओल्या फरशीवर पाय ठेवायचा नाही. काकूंचा दुसरा नियम."

"अहो, आम्हाला ऑफिसला जायचंय!"

"मॅडम, पुस्तकात बघा. आत यायचा हक्क आहे, बाहेर जायचा आहे का?"

मॅडमनी पुस्तक उघडलं. पानं उलटली, पुन्हा उलटली. मग कपडे धुवायच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "नाहीये."

वहिनींनी भिंतीवरून आइस्क्रीमच्या वाट्या खाली दिल्या. साहेब अंगठा लपवून उलट्या बादलीवर बसले. वायरमनने आधीच्या वायरमनच्या गोष्टी काढल्या. काकूंच्या चहात आलं जरा जास्तच असायचं, असं तो कंपनीत सांगत असे. काका पहिल्यांदा हसले. "जास्तच असायचं," ते म्हणाले. "सांगायची सोय नव्हती." मॅडमनी दुसरी वाटी मागून घेतली.

बऱ्याच वेळाने साहेब उठले. "आता वाळली असेल, काका."

काकांनी आत वाकून पाहिलं. फरशी कधीच वाळली होती.

"नाही," ते म्हणाले, "अजून ओली आहे. बसा."