डबा की पेटी

"डबा!" दाजी म्हणाले.

"पेटी!" मेहुणा म्हणाला.

गेले तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर हेच चाललं होतं. दाजींनी वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन शाळकरी मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची एक भाषा तयार केली होती, आणि बायकोचा धाकटा भाऊ त्यात भागीदार होता. भाषा झाली, पुस्तिका झाली, घोडं अडलं ते शेपटाशी. आयता कोड ज्या फाइलींत बांधून ठेवायचा, त्या पॅकेजांच्या नावामागे टिंब देऊन एक्स्टेंशन कोणतं लावायचं?

"अहो दाजी, डबा म्हटलं की पोरांना भूक लागेल."

"आणि पेटी म्हटलं की ती किल्ली शोधत बसतील!"

"बास!" ताई, म्हणजे दाजींची बायको, आत येत म्हणाली. "अकराला मुख्याध्यापिका येतायत. त्यांना भाषा पसंत पडली तर ठीक. नाहीतर सोमवारी सकाळी नऊला तुम्ही जुन्या ऑफिसात आणि भाषा माळ्यावर. ठरलंय ना आपलं?"

ठरलं होतं खरं.

कोपऱ्यात सासूबाई स्वेटर विणत होत्या. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या त्या. मुलांचं काही चुकलं की भाषेने काय म्हणायचं, ती वाक्यं त्यांनीच लिहिली होती. दाजींनी आधी नुसतं 'एरर' ठेवलं होतं, तेव्हा त्या कडाडल्या होत्या, "जावईबापू, राँग नंबर म्हणून फोन आपटायचा नसतो. बरोबर नंबर जोडून द्यायचा असतो!" मेहुण्याने आईच्या धाकाने तशी सोयही केली. दाजींच्या मते हे रिकामपणाचे उद्योग होते, पण सासूबाईंपुढे बोलतो कोण?

पावणेअकराला दाजी अंघोळ करून येतात तो काय, प्रत्येक पॅकेजामागे पेटी!

"चोरा! पाठ फिरली की डाव साधतोस?"

त्यांनी ओल्या हातांनीच हुकूम टाइप केला : इथल्या सगळ्या फाइलींना डबा लाव. 'इथल्या' म्हणजे नेमकं कुठल्या, हे रागाच्या भरात पाहायचं राहिलं. ते भाषेच्या फोल्डरात नव्हतेच, त्याच्या बाहेरच्या, घरच्या सगळ्या फाइलींच्या फोल्डरात होते. सासूबाईंचे स्वेटरचे फोटो, ताईची गाणी, विजेची बिलं, सासऱ्यांच्या दाढेचा एक्स-रे, सगळ्यांना डबा लागला. चारशे बारा फाइली!

"दाजी, काय करून ठेवलंत हे!"

"तू पेटी लावलीस म्हणून झालं!"

तेवढ्यात बेल वाजली. मुख्याध्यापिकाबाई पाच मिनिटं आधीच आल्या होत्या. चहा झाला. दाजींनी देवाचं नाव घेऊन भाषा सुरू केली. तिने आज्ञाधारकपणे सगळे डबे उघडले आणि पडदा भरून गेला :

'नमस्कार. हा डबा उघडून पाहिला. आत लाल स्वेटरचा फोटो आहे, कोड नाही. हरकत नाही, असं होतं. फोटो म्हणून परत ठेवू का?'

खाली आणखी शेकडो नमस्कार. दाजींनी डोळे मिटून घेतले. त्यांना सोमवार दिसायला लागला.

बाईंनी चष्मा लावला, सावकाश वाचलं आणि 'हो' दाबलं. स्वेटर पुन्हा फोटो झाला. त्यांनी दाढ दाबली, दाढही जागेवर गेली.

"अगंबाई! चुकलं तरी ओरडत नाही ही!" बाई खुश झाल्या. "आमची मुलं संगणकाला भितात ती ह्याच्यासाठीच. पण म्हणजे ही आत काय आहे ते बघून ओळखते?"

"हो," मेहुणा म्हणाला.

"मग मागे डबा लावा नाहीतर पेटी, फरक काय पडतो?"

दाजींनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने छताकडे पाहिलं. ताईने दोघांकडे पाहिलं, आणि ते पाहणं फार वाईट होतं.

"काही नाही पडत," दाजी पुटपुटले.

"सोमवारी पाचवीपासून सुरू करू. आणि ही वाक्यं ज्यांनी लिहिली त्यांना घेऊन या बरं का."

सासूबाईंच्या हातातली सुई थांबली. "मला?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसायला लोकरीचा गुंडा घेतला.

सोमवारी नऊला ताईने म्हटल्याप्रमाणे दाजी घराबाहेर पडलेच. पुढे नवा स्वेटर घालून सासूबाई, मागे संगणक उचलून दाजी आणि मेहुणा. पहिल्याच तासाला सासूबाईंनी मुलांना विचारलं, "पॅकेजाच्या मागे काय लावायचं रे?"

मुलांनी हात वर केले, पाच मिनिटांत मोजणी झाली, आणि 'खोकं' ठरलं.